सीमेन्स येत नाही म्हणून चाकणला नाही म्हणायचं?

आमच्या शॉपमधला एक पोरगा चाकणच्या नोकरीला आज नाही म्हणून बसला. का, तर जाहिरातीत ‘सीमेन्स कंट्रोल’ (सीएनसी मशीन चालवणारा कॉम्प्युटर) लिहिलंय आणि याचा हात फॅनुकवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलवर, बसलेला. डोकं तापलंय माझं.

हा पोरगा काय करतो ते ऐका. अ‍ॅल्युमिनियमच्या जॉबला (मशीनवर घडवायच्या भागाला) 25 एच7चा बोअर, म्हणजे 25 मिलिमीटरचं भोक आणि सूट फक्त 21 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मशीनमधून काढलेला जॉब तो लगेच मोजत नाही. जॉब 20 अंशांनी गरम असला तर हाच बोअर जवळपास 12 मायक्रॉन मोठा दाखवतो. घाईत मोजणारा भोक कापणारं बोअरिंग हेड मागे घेतो, आणि थंड झाल्यावर सगळा लॉट अंडरसाइज, म्हणजे भोकं लहान. हे ज्याला कळतं त्याला मशीनवर कुठला कंट्रोल आहे याची भीती?

फरक तरी केवढा! जी54 (जॉबचा शून्य बिंदू) तोच, जी0-जी1 (टूलच्या सरळ हालचाली) तेच. फॅनुकवर टूल लेन्थला जी43 आणि एच नंबर द्यावा लागतो, सीमेन्सवर टूल बदललं की डी1 (त्या टूलच्या मापांची नोंद) आपोआप लागू होतो. खोल ड्रिलिंगच्या जी83च्या जागी सायकल83. लोक चुकतात ते एमकॉलवर, म्हणजे प्रत्येक पोझिशनला सायकल परत चालवणाऱ्या कमांडवर: तो बंद करायचा राहिला की पुढच्या प्रत्येक पोझिशनला ड्रिल परत खाली जातं आणि क्लॅम्पवर आपटतं. सायनुट्रेन, म्हणजे सीमेन्सचं सरावाचं सॉफ्टवेअर, कॉम्प्युटरवर टाकायचं, आपलेच जुने दोन-चार प्रोग्राम त्यात नव्याने लिहायचे, सिम्युलेशन बघायचं. पंधरा संध्याकाळचं काम आहे. फाइव्ह-अ‍ॅक्सिस असतं तर गोष्ट वेगळी, मान्य. इथे साधं थ्री-अ‍ॅक्सिस व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) आहे.

खरं सांगायचं तर राग पोरावर नाहीच. ‘इथे निभतंय, बाहेर तुला कोण विचारतो’ असं येता-जाता ऐकवणाऱ्यांवर आहे. आणि मालाचं रिजेक्शन आलं की हेच लोक पहिली हाक त्याला मारतात. जॉब थंड व्हायची वाट बघतो म्हणून ‘स्लो आहे’ म्हणणारेही हेच!

आता पैसे. ऑफर महिना 42,000 सीटीसीची, म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. बेसिक 21,000 धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 2,520 आणि ग्रॅच्युइटीचे साधारण 1,010 त्यातच मोजलेले असतात. उरले 38,470. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ 2,520 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 35,750. बेचाळीस नाहीत, पण आज हातात अठरा-साडेअठरा हजारच पडतात! एक खड्डा मात्र खरा आहे. सध्या ग्रॉस 21,000च्या आत आहे म्हणून ईएसआय (सरकारी आरोग्य विमा) मिळतो, त्यात अवलंबून असलेले आईवडीलही येतात. नव्या पगारावर तो जाणार. तेव्हा मेडिक्लेममध्ये आईवडील धरतात का, हे एचआरला आधीच विचारायचं. नसतील धरत तर वेगळ्या पॉलिसीचा हप्ता वरच्या आकड्यातून वजा करायचा. पीएफ काढायचा नाही, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करायचा.

पोरा, वाचत असशील तर उद्या सकाळी त्यांना फोन कर. सीमेन्स येतं का विचारलं तर ‘हो’ ठोकून देऊ नकोस आणि ‘नाही’ म्हणून गप्पही बसू नकोस. फॅनुकवर सेटिंग करतोस, डी1, सायकल83, एमकॉल माहीत आहे, एवढं सांग आणि ड्रॉइंग देऊन ट्रायल घ्या म्हण. ट्रायलला बोअर मोजताना तिथेही थांब, कोणी घाई केली तरी. नोटीस किती दिवसांची ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून ठेव. आणि जॉइनिंगची तारीख लिहिलेलं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत इथे राजीनाम्याचा र काढू नकोस.