पोर्टची ओळ म्हणजे ‘दोन आकडे आणि मध्ये कोलन’ नव्हे

डॉकरचे कंटेनर, म्हणजे प्रोग्राम इतरांपासून वेगळा चालवण्याचे डबे, शिकवताना एक सूत्र हमखास सांगितले जाते आणि ते जसेच्या तसे पुढे पाठवलेही जाते. पोर्टची ओळ, म्हणजे यंत्रावरचा कोणता पोर्ट (सेवेचा क्रमांकित दरवाजा) कंटेनरच्या कोणत्या पोर्टला जोडायचा ते सांगणारी ओळ, म्हणजे दोन आकडे आणि मध्ये कोलन. डावा आकडा होस्टचा, म्हणजे कंटेनर ज्या यंत्रावर चालतो त्याचा, आणि उजवा कंटेनरचा. ओळ कोलनवर तोडली की वाचन संपले. अवतरणचिन्हे घालायची की नाही हा आवडीचा प्रश्न. डॉकरफाइलमध्ये, म्हणजे कंटेनरची इमेज (मूळ साचा) कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलीत, ‘एक्स्पोज’ लिहिले की पोर्ट उघडतो. आणि सर्व्हरवर फायरवॉल चालू असेल तर चुकून उघडलेल्या पोर्टचीही काळजी नको. ‘८०८०:८०’ ही एकच ओळ डोळ्यांपुढे ठेवली तर यातला पहिला भाग खरा ठरतो, आणि बहुतेकांचे रोजचे काम त्या एका ओळीवर भागत असल्यामुळे बाकीचे भागही खरे मानले जातात. माझा आक्षेप सूत्र सोपे असण्याला नाही. या ओळीत जे लिहिलेले नसते त्यालाही ठरलेला अर्थ असतो, आणि हे सूत्र नेमका तोच अर्थ झाकून ठेवते.

कोलनवर तोडण्यापासून सुरुवात करू. ‘१२७.०.०.१:८०८०:८०’ ही पूर्णपणे वैध ओळ आहे आणि तिचे तीन तुकडे होतात: होस्टचा पत्ता, होस्टचा पोर्ट आणि कंटेनरचा पोर्ट. नुसते ‘८०’ लिहिले तर तो डावा आकडा नसून उजवा असतो, म्हणजे कंटेनरचा पोर्ट. होस्टवरचा पोर्ट डॉकर स्वतः निवडतो आणि लिनक्सवर तो सहसा ३२७६८ ते ६०९९९ या तात्पुरत्या पोर्टांच्या पट्ट्यातून येतो. ‘१२७.०.०.१::८०’ या ओळीत मधला तुकडा रिकामा आहे, पण ती लिहिताना झालेली चूक नव्हे: पत्ता ठरलेला आहे, पोर्ट मात्र कोणताही चालेल, असा तिचा अर्थ होतो. आयपीव्ही६, म्हणजे लांब पत्त्यांची नवी पद्धत, आली की पत्त्यातच कोलन असतात. म्हणून तो चौकटी कंसात घालून ‘[::१]:८०८०:८०’ असे लिहितात. ही ओळ डोळे झाकून कोलनवर तोडली तर पाच तुकडे हाती येतात आणि पहिला तुकडा नुसता ‘[’ असतो.

डॉकरच्या गो भाषेतल्या लायब्ररीत हे वाचन उजवीकडून केले जाते. शेवटचा तुकडा कंटेनरचा पोर्ट, त्याच्या आधीचा होस्टचा, आणि डावीकडे जे काही उरेल ते पुन्हा कोलनांनी जोडून पत्ता म्हणून घेतले जाते. हा पत्ता आकडी आयपीच असावा लागतो. ‘लोकलहोस्ट’ असे नाव लिहिले तर डॉकर ती ओळ अवैध पत्ता म्हणून नाकारतो. आमच्या एका प्रकल्पात बऱ्याच कंपोज फाइलींमधले (अनेक कंटेनर एकत्र सुरू करण्याची मांडणी अशा फाइलीत असते) होस्ट पोर्ट एकमेकांवर आदळतात का, हे तपासणारा छोटा स्क्रिप्ट होता आणि तो पहिल्या कोलनाआधीचा भाग पोर्ट म्हणून उचलत असे. काही सेवांना लूपबॅकचा, म्हणजे यंत्राचा स्वतःपुरताच असलेला, पत्ता जोडल्यानंतर त्या सगळ्यांचा ‘पोर्ट’ १२७.०.०.१ निघू लागला, आणि जिथे टक्कर नव्हती तिथे तो टक्कर दाखवू लागला. तपासणीच दिशाभूल करू लागली की माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, आणि मग खरी टक्करही नजरेतून सुटते.

सूत्रात प्रोटोकॉलचा, म्हणजे माहिती टीसीपी की यूडीपी यांपैकी कोणत्या पद्धतीने जाते याचा, उल्लेखही नसतो. ‘५३:५३’ लिहिले की फक्त टीसीपी उघडतो, कारण काही न लिहिणे म्हणजे टीसीपी असा नियम आहे. डीएनएसच्या, म्हणजे नावावरून पत्ता विचारणाऱ्या, बहुसंख्य चौकश्या मात्र यूडीपीवरून येतात. त्यामुळे कंटेनर चालू दिसतो, पोर्टही ऐकत असलेला दिसतो, आणि तरीही नावांचे पत्ते मिळत नाहीत. अशा वेळी ‘५३:५३/टीसीपी’ आणि ‘५३:५३/यूडीपी’ अशा दोन वेगळ्या ओळी लिहाव्या लागतात.

पल्ल्यांच्या बाबतीतही असेच आहे. ‘३०००-३००५:३०००-३००५’ म्हणजे सहा जोड्या, आणि दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असेल तर चूक. पण याला एक अपवाद आहे: उजवीकडे एकच पोर्ट असेल तर ‘८०००-८०१०:८०’ ही ओळ चालते. ती अकरा पोर्ट उघडत नाही, तर त्या अकरांपैकी एक मोकळा पोर्ट उचलते. अकराही पोर्ट उघडले आहेत असे गृहीत धरून लिहिलेली प्रॉक्सीची (रहदारी पुढे वळवणाऱ्या मध्यस्थाची) मांडणी इथे निमूटपणे फसते.

आता अवतरणचिन्हांकडे वळू. ‘ती आवडीची बाब आहे’ हे विधान मला सगळ्यांत खटकते, कारण त्यातून निघणारी चूक शोधायला फार वेळ लागतो. कंपोजची फाइल यामल या मजकुरी स्वरूपात असते, म्हणजे डॉकरच्या हाती ओळ पडण्याआधी यामलचा पार्सर ती वाचतो. यामलच्या १.१ या आवृत्तीत साठाच्या पायावर आकडे लिहिण्याची सोय होती. त्या आवृत्तीच्या विनिर्देशात ‘१९०:२०:३०’ म्हणजे ६८५२३० असे उदाहरणच दिलेले आहे. पंचांग पाहणाऱ्या घरात वाढलेल्यांना ही मांडणी नवी नाही: साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचा एक दिवस. नियम एवढाच की पहिल्या कोलनानंतरचा प्रत्येक भाग ५९ किंवा त्याहून कमी असावा. त्यामुळे अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले २२:२२ हे २२ गुणिले ६० अधिक २२, म्हणजे १३४२ होते. ही एक पूर्णांक संख्या झाली, आणि एकट्या संख्येचा अर्थ आपण वर पाहिला: कंटेनरचा पोर्ट. एसएसएचसाठी, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी, लिहिलेली ओळ अशा रीतीने कंटेनरच्या १३४२ पोर्टला होस्टवरचा कुठलातरी पोर्ट जोडून मोकळी होते, आणि १३४२ हा वैध पोर्ट असल्यामुळे कोणीही तक्रार करत नाही. २२२२:२२ लिहिले तर १३३३४२ येतात. ही संख्या ६५५३५ च्या पलीकडे असल्यामुळे निदान चूक तरी दाखवली जाते.

८०८०:८० मात्र सुखरूप राहते, कारण ८० हा आकडा ५९ पेक्षा मोठा आहे. ३३०६:३३०६ आणि ५४३२:५४३२ यांचेही तसेच. ‘मी कधीच अवतरणचिन्हे घातली नाहीत आणि काही बिघडले नाही’ असे सांगणारा माणूस खरेच बोलत असतो. त्याच्या फाइलीत उजवीकडे साठाखालचा पोर्ट आजवर आलेला नसतो, इतकेच. २००९ च्या यामल १.२ ने ही साठाची सोय काढून टाकली, आणि गो भाषेत लिहिलेले आजचे कंपोज असे रूपांतर करत नाही. पण कंपोजची जुनी आवृत्ती पायथनमध्ये होती, आणि पायथनची पायवायएएमएल ही लायब्ररी आजही १.१ चेच नियम पाळते. त्याच फाइली वाचून तपासणी करणारे किंवा नव्या फाइली तयार करणारे स्क्रिप्ट अनेक ठिकाणी पायथनमध्येच असतात. एकाच ओळीचा अर्थ दोन वाचकांकडे दोन तऱ्हांनी लागणे मला परवडत नाही. म्हणून या ओळी मी अवतरणांतच लिहितो.

याचा अर्थ पोर्ट दिसला की अवतरणे घालावीत, असाही नाही. कुबरनेटिसमध्ये, म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेत, कंटेनर पोर्टच्या रकान्यात पूर्णांकच लागतो आणि अवतरणांतले ‘८०’ तिथे नाकारले जाते. सर्व्हिसच्या, म्हणजे कंटेनरांकडे रहदारी नेणाऱ्या नोंदीच्या, टार्गेट पोर्टमध्ये संख्या किंवा नाव दोन्ही चालते, पण अवतरणे घातली की ते नाव समजले जाते आणि नावात निदान एक अक्षर हवे म्हणून तेही नाकारले जाते. तिथे ‘रेडिस’ नावाची सर्व्हिस असेल तर नंतर सुरू होणाऱ्या कंटेनरांना ‘रेडिस_पोर्ट’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारे मूल्य) आपोआप मिळतो आणि त्यात नुसता रेडिसचा पोर्ट ६३७९ नसून टीसीपी, आयपी पत्ता आणि पोर्ट असा सगळा दुवा असतो. त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये संख्या मिळेल असे धरून चालणारे प्रोग्राम तिथेच कोसळतात.

‘एक्स्पोज’विषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती इमेजवरची नोंद आहे. आत कोणत्या पोर्टवर ऐकले जाते, हे ती सांगते. पोर्ट बाहेर उघडतो तो रन करताना दिलेल्या पर्यायाने किंवा कंपोजमधल्या ओळीने. मोठ्या लिपीतला ‘पी’ हा पर्याय दिला तरच डॉकर त्या नोंदी वाचून प्रत्येकीला होस्टवरचा एकेक पोर्ट जोडतो.

राहिला फायरवॉलचा दिलासा, आणि या सूत्रातला सगळ्यांत धोकादायक भाग हाच आहे. ‘५४३२:५४३२’ या ओळीत पत्ता नाही. पत्ता न लिहिण्याचा अर्थ ‘फक्त माझ्या यंत्रापुरते’ असा होत नाही. मूळ मांडणीत त्याचा अर्थ ०.०.०.०, म्हणजे यंत्राचे सगळे नेटवर्क पत्ते, असा होतो, आणि आयपीव्ही६ वरही तेच. उबुंटूवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू आहे, ५४३२ ला परवानगी दिलेली नाही, म्हणून त्या पोर्टवरचा पोस्टग्रेस हा डेटाबेस सुरक्षित आहे, असे मानणारे कितीतरी जण भेटतात. प्रत्यक्षात डॉकर नॅट तक्त्यात, म्हणजे पॅकेटांचे पत्ते बदलण्याच्या नियमांत, स्वतःचा नियम घालतो आणि बाहेरून आलेल्या पॅकेटचा गंतव्य पत्ता मार्ग ठरण्याआधीच बदलून कंटेनरचा करतो. मग ते पॅकेट यंत्रासाठीचे उरत नाही, पुढे पाठवायचे होते. यूएफडब्ल्यूचे येणाऱ्या रहदारीचे नियम ‘इनपुट’ साखळीत, म्हणजे यंत्रासाठीच आलेल्या पॅकेटांच्या नियमयादीत, बसलेले असतात आणि हे पॅकेट त्या साखळीत येतच नाही. यूएफडब्ल्यूची स्थिती विचारली तर पोर्ट बंद असल्याचेच उत्तर मिळते. क्लाउड पुरवठादाराची फायरवॉल यंत्राच्या बाहेर असल्यामुळे ती मात्र अडवू शकते. भाड्याच्या साध्या सर्व्हरवर बहुधा ती नसते.

स्वतःचे नियम घालायचे असतील तर डॉकरने ‘डॉकर-यूझर’ ही साखळी ठेवली आहे. पण तिथे पोहोचेपर्यंत पत्ता आणि पोर्ट बदललेले असतात, त्यामुळे होस्टवरचा मूळ पोर्ट ओळखायला कनेक्शन ट्रॅकिंगचा, म्हणजे जोडणीचे मूळ तपशील लक्षात ठेवणाऱ्या सोयीचा, आधार घ्यावा लागतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे ओळीत पत्ता लिहिणे: ‘१२७.०.०.१:५४३२:५४३२’. डॉकरच्या २८ च्या आधीच्या आवृत्त्यांत असा लूपबॅकवर उघडलेला पोर्टही त्याच स्विचवरच्या दुसऱ्या यंत्राला गाठता येत असे, म्हणून आवृत्ती पाहणे आवश्यक आहे. आणि पुष्कळदा ही ओळच नको असते. एकाच कंपोज फाइलीतल्या सेवा एकमेकांशी सेवेच्या नावाने आणि कंटेनरच्या पोर्टवर बोलतात. वेब ॲपला डेटाबेस मिळावा म्हणून होस्टवर काहीही उघडावे लागत नाही.

ज्यांना ही छोटी ओळ संदिग्ध वाटते, त्यांच्यासाठी कंपोजमध्ये लांब रूप उपलब्ध आहे. त्यात टार्गेट, पब्लिश्ड, होस्ट आयपी आणि प्रोटोकॉल हे रकाने नावानिशी लिहायचे असतात, त्यामुळे कोणता तुकडा कशाचा हा प्रश्नच उरत नाही. छोटी ओळ लिहायची असेल तर ‘डॉकर कंपोज कॉन्फिग’ ही आज्ञा तिचे लांब रूप छापून दाखवते, आणि कंटेनर सुरू झाल्यावर ‘डॉकर पीएस’च्या पोर्टच्या रकान्यात प्रत्यक्ष काय उघडले ते दिसते. त्या रकान्यात डेटाबेसच्या बाणाच्या डावीकडे ०.०.०.० दिसत असेल, तर पुढचे काही करण्याआधी तो कंटेनर थांबवावा आणि ओळीत पत्ता घालावा.