काका, पाच मिनिटांचं माझं चुकलं, ओळखीचं तुमचं

काका, उत्तराला चार दिवस लागले. तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा पिंप्राळ्याच्या पुढच्या साइटवर मोजणी चालू होती आणि तुमचं लिहिणं असं नव्हतं की तिथल्या तिथे अंगठा दाखवून मोकळं व्हावं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मीही प्लॉट विकतो. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पोर्टलवरून, म्हणजे प्लॉट-घरांच्या जाहिरातींच्या वेबसाइटवरून, चौकशी आली की पाच मिनिटांत फोन गेला पाहिजे, नाहीतर लीड, म्हणजे होऊ शकणारं गिऱ्हाईक, थंड होतं. त्यावर अमळनेरच्या काकांनी लिहिलं: "३२ वर्षं प्लॉटची दलाली करतो. पोर्टलवरून शंभर फोन आले, एकाचंही खरेदीखत झालं नाही. खान्देशात जमीन ओळखीवर विकली जाते. तुम्ही लोकांनी फोन वाजवून वाजवून गिऱ्हाईक बिथरवलं. पुण्याचं शहाणपण इथे शिकवू नका. माझ्याकडे १९९८ पासूनच्या वह्या आहेत, त्या बघायला या."

आधी माझी चूक. तासाभरात फोन करण्याचा मुद्दा २०११ सालच्या एका अमेरिकन अभ्यासातून आला. तासाभरात फोन करणाऱ्यांचं गिऱ्हाइकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता त्याहून तासभर उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट निघाली. पाच मिनिटं मी कुठल्याशा सेमिनारमध्ये ऐकली आणि जशीच्या तशी उचलली. तो अभ्यास अमेरिकेतल्या कंपन्यांचा होता. आपलं गिऱ्हाईक म्हणजे भोसरीत दुसऱ्या पाळीला जाणारा चोपड्याचा मुलगा.

हे उदाहरण हवेतलं नाही. त्याने दुपारी अडीचला, कामावर शिरता शिरता चौकशी टाकली आणि मोबाईल लॉकरमध्ये ठेवला. माझा फोन बरोबर चौथ्या मिनिटाला गेला. आपण फार तत्पर, असं मला वाटलं. रात्री साडेअकराला त्याने परत फोन केला तो आधी झापायलाच. "भाऊ, चौदा मिस्ड कॉल आहेत. तुमी कितवा?" त्याने एकाच ठिकाणी बोट लावलं होतं, पण पोर्टलने त्याचा नंबर त्या भागात प्लॉट विकणाऱ्या सगळ्यांना वाटला होता. चौदाही जण माझाच लेख वाचल्यासारखे धावले. म्हणजे तुमचा "बिथरवलं" हा शब्द खरा आहे, आणि बिथरवणाऱ्यांत मीही होतो.

तेव्हापासून आधी मेसेज पाठवतो: कुठला प्लॉट, किती चौरस मीटर, गट नंबर, आणि "फोन कधी करू?" निम्मे लोक उत्तर देत नाहीत, न देवोत. जे "रविवारी सकाळी" म्हणतात त्यांना रविवारी सकाळीच फोन जातो.

आता ओळखीचं. इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

ओळखीवर जमीन विकली जाते, कबूल. पण तुमची ओळख आता राहते कुठे? अमळनेरच्या बाजारपेठेत जेवढी आहे तेवढीच सुरतेत उधना आणि लिंबायतला आहे, थोडी नाशिकला, थोडी चिंचवडला. ही माणसं गावी येतात ती दिवाळीला, लग्नसराईत आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पूर्वी त्या चार दिवसांत तुम्ही त्यांना गाठून चार प्लॉट दाखवायचे. आता ते गाडीत बसण्याआधीच वीस प्लॉट पाहून, त्यातले सतरा खोडून येतात. तुमच्यापर्यंत पोहोचतात ते उरलेल्या तिनांचं विचारायला.

मागच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. आणणारे त्यांचे मामा, माझ्या वडिलांच्या ओळखीचे. तुमच्या हिशेबात हे शंभर टक्के ओळखीचं गिऱ्हाईक. साइटवर पाय ठेवल्याबरोबर त्यांनी विचारलं, "ती विजेची डीपी याच प्लॉटला लागून आहे का, की शेजारच्या?" मी चाट पडलो. डीपी रस्त्यावरून दिसतच नाही, मधे कडुनिंब आहे. म्हणजे त्यांनी माझ्या जाहिरातीतला तिसरा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला होता, महिनाभर आधी, उधन्यातल्या घरी बसून. चौकशीचं बटण दाबलं नाही, फोन केला नाही. मामाला सांगितलं. खरेदीखत झालं आणि मी वहीत लिहिलं, "मामांमार्फत". पोर्टलच्या खात्यात शून्य.

तुमच्या शंभर फोनांचं असंच तर नसेल? फोन करणारे शंभर वेगळे, आणि पाहून गप्प बसलेले, नंतर कुणाच्या तरी मेव्हण्याबरोबर तुमच्या ओट्यावर आलेले वेगळे. एवढं करून बघा: येत्या दहा गिऱ्हाइकांना सहज विचारा, "आधी कुठं पाहिला होता का?"

आणि पोर्टल म्हणजे सगळं ऑनलाइन नव्हे. ९९एकर्स २००५ सालचं, मॅजिकब्रिक्स २००६ चं. दोन्ही वाढली ती मोठ्या शहरांतल्या फ्लॅटवर. आपल्याकडे प्लॉट फिरतो तो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, फेसबुकवर, आणि तुमच्याच पुतण्याच्या स्टेटसवर.

फोटोंवरून तुम्ही टोमणा मारलात, "मे महिन्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात". हे वाक्य मी ऑफिसात लिहून चिकटवलं आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात फरशीसारखी कडक. सकाळी सातच्या उन्हात फोटो काढला की रस्ता पांढरा, आभाळ निळं. तोच प्लॉट जुलैत बघायला जा, गुडघाभर चिखल. एक कुटुंब सुरतेहून त्या मेच्या फोटोवर विसंबून पावसात आलं. गाडी दोनशे फूट अलीकडेच रुतली. आजीबाई उतरल्याच नाहीत. काचेतून प्लॉटकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. ते गेले ते गेलेच. आता प्रत्येक प्लॉटचा एक फोटो पावसाळ्यातला टाकतो, आणि लिहितो की पाया खोल घ्यावा लागेल, कारण ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. चौकशा कमी झाल्या. आलेल्यांपैकी साइटवर पोहोचणारे वाढले. पेट्रोल वाचलं हा वरचा फायदा.

याहून वाईट एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, मीच सांगतो. एक कॉर्नर प्लॉट विकला गेल्यावरही त्याची जाहिरात मी दोन महिने काढली नाही. फोन यायचे, मी म्हणायचो, "तो कालच गेला, पण शेजारचा आहे." धंद्यात सगळे करतात. मग एका शिक्षकाने थंडपणे विचारलं, "काल म्हणजे कुठला काल? खरेदीखत तर मार्चचं आहे." त्यांनी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दस्त शोधला होता. त्या रात्रीच जाहिरात उतरवली.

मला वाटतं खरा बदल इथे आहे आणि तो तुम्हालाही जाणवला असेल. पूर्वी कागद आपल्या पिशवीत असायचे. सातबारा तलाठ्याकडून आपण आणायचो आणि गिऱ्हाईक आपल्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं. आता जाहिरातीत गट नंबर दिसला की ते पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढतात आणि पहिल्याच भेटीत विचारतात, "इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा दिसतो, तो कधी उतरवणार?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला राग आला होता. हल्ली जाहिरातीसोबतच उतारा जोडतो.

महारेराबद्दल, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाबद्दल, तुम्ही लिहिलंत की ते पुण्या-मुंबईच्या टॉवरवाल्यांसाठी. तसं नाही, काका, इथे सांभाळा. १ मे २०१७ पासून ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही, मग ती अमळनेरची का असेना. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. अशा प्रकल्पातले प्लॉट विकणाऱ्या एजंटलाही स्वतःची नोंदणी हवी. आणि कायद्याच्या लेखी जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली नव्हे. पुतण्याला त्याच्या स्टेटसचं सांगा.

राहिल्या तुमच्या वह्या. तुम्ही त्या माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून काढल्यात. मला मात्र तुमच्या अख्ख्या प्रतिक्रियेत सगळ्यात कामाची ओळ तीच वाटली. १९९८ पासून कोण आलं, काय म्हणालं, परत कधी बोलायचं हे लिहून ठेवणं, यालाच आम्ही फॉलो-अप म्हणतो आणि त्यासाठी महिन्याला पैसे भरून सॉफ्टवेअर घेतो. माझ्या शीटमध्ये तीन रकाने होते: हॉट, वॉर्म, कोल्ड. तुमच्या वहीचं एक पान तुम्ही नमुना म्हणून पाठवलंत, नावं झाकून. त्यात होतं: "केळी कापल्यावर." "मुलीचं लग्न झालं की." "भाऊ वाटणीला तयार नाही, पाडव्यानंतर." हे कोल्ड कसं म्हणायचं? मी रकाने खोडून एकच ठेवला, "कशासाठी थांबलाय". रेल्वेतून निवृत्त होणाऱ्या भुसावळच्या एकांसमोर तिथे नुसती तारीख आहे. त्या तारखेच्या पुढच्या आठवड्यात फोन जाईल, आधी नाही.

शेवटचं, तुम्ही विचारलंत पोर्टलला वर्षाला किती भरता. दिवाळीपर्यंत दोन ठिकाणी भरत होतो, आता एकाच. चौदा जणांना नंबर वाटणारं बंद केलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी अमळनेरला आहे. वह्या बघायला सकाळी आलो तर चालेल का? दुपारी ऊन फार असतं.