योगायोगाच्या पुढची दोन वर्षे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

वनस्पतिशास्त्रज्ञ शिप्रा गुहा-मुखर्जी यांच्या संशोधनावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल मनापासून आभार. आपला मुख्य आक्षेप असा की, धोतऱ्याच्या परागकोशातून एकगुणित (म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेले) भ्रूण मिळणे हा निव्वळ योगायोग होता आणि मी त्याला नको तेवढे मोठेपण दिले. शोधाचा लाभ परदेशांनी उठवला आणि स्वतः गुहा-मुखर्जी यांनीही पुढे हा विषय सोडून रेणवीय जीवशास्त्राची वाट धरली, असेही आपण लिहिले आहे.

योगायोग होता, हे मला मान्यच आहे. पण तो नेमका कुठपर्यंत होता, हे पाहायला हवे. दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सतीशचंद्र माहेश्वरी यांच्यासोबत गुहा-मुखर्जी धोतऱ्याचे कोवळे परागकोश कृत्रिम माध्यमावर वाढवत होत्या, ते अर्धसूत्री विभाजनाचा, म्हणजे गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाचा, अभ्यास करण्यासाठी. काही आठवड्यांनी त्या परागकोशांतून भ्रूणासारख्या रचना डोकावू लागल्या. इथवरचे श्रेय योगायोगाला खुशाल द्यावे. मात्र परागकोश म्हणजे नुसती परागकणांची पिशवी नव्हे. त्याची भिंत, आतला पोषक थर आणि मधली जोडणारी ऊती या सगळ्यांच्या पेशी द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या, असतात, आणि भ्रूण त्यांच्यातून निघाले असते तर ते मूळ झाडाच्या प्रतिकृती ठरले असते. गाजराच्या साध्या पेशींपासून भ्रूण मिळवल्याचे १९५८ मध्येच प्रसिद्ध झालेले असल्याने त्याचे फारसे अप्रूप उरले नव्हते.

म्हणूनच १९६४ चा 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातला त्यांचा निबंध भ्रूण मिळाल्याचे सांगतो, पण त्यांच्या उगमाबाबत सावध राहतो. ते कोडे १९६६ च्या निबंधाने सोडवले. वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे परागकोश तपासताना असे दिसले की, एरवी परागनलिका काढून संपणारा परागकण इथे आतल्या आत पुन्हा पुन्हा विभागत जातो, त्याचे जाड कवच फुटते आणि बाहेर आलेल्या पेशींच्या गोळ्यापासून भ्रूण घडतो. धोतऱ्याच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात, या भ्रूणांच्या पेशींत ती १२ होती. मी ज्याला शोध म्हणतो तो या दोन वर्षांत लागला, आणि त्यात योगायोगाचा वाटा मला दिसत नाही.

लाभाबद्दलचे आपले म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि त्याची खंत मलाही आहे. एकगुणित रोपाची गुणसूत्रे कोल्चिसिन या रसायनाने दुप्पट केली की, ज्या शुद्ध वाणासाठी एरवी सहा-सात पिढ्यांचे स्वपरागण लागते तो एका पिढीत हाती येतो. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये तंबाखूची आणि १९६८ मध्ये जपानमध्ये भाताची अशी रोपे मिळाली, आणि चीनने तर या मार्गाने 'झोंगहुआ'सारखे भाताचे वाण शेतापर्यंत पोहोचवले. पण भारतात कोणी प्रयत्नच केले नाहीत, असे नाही. एम. एस. स्वामिनाथन आणि स्वतः गुहा-मुखर्जी यांचे भाताच्या परागकोशांवरील काम १९७० मध्येच 'करंट सायन्स'मध्ये आले होते. खरी अडचण भाताच्या जातीतच होती. आपल्याकडचा इंडिका प्रकारचा भात परागकोश-संवर्धनाला जपान-चीनकडील जॅपोनिका प्रकाराच्या मानाने फार कमी दाद देतो, आणि जी रोपे उगवतात त्यांतली पुष्कळशी हरितद्रव्याविना पांढरी निपजतात. याचा दोष मूळ संशोधकाकडे कसा जातो?

विषय सोडल्याच्या आक्षेपाशी मात्र मी मुळीच सहमत नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी सहकाऱ्यांसह ग्लायॉक्झलेज या विकराचा (एन्झाइमचा) अभ्यास केला, तो पेशीविभाजनाशी असलेल्या त्याच्या नात्यामुळे. म्हणजे परागकण विभागू का लागतो, या प्रश्नाच्या शेजारचाच तो प्रश्न होता. शिवाय रेणवीय जीवशास्त्र आणि प्रजनन यांच्यात आपण कल्पिता तशी भिंत नाही. 'बेबी बूम' हे जनुक प्रथम सापडले ते मोहरीवर्गातील रेपसीडच्या परागकणांपासून भ्रूण वाढवताना, म्हणजे धोतऱ्यावर सुरू झालेल्या पद्धतीच्याच वारसदार प्रयोगांत. त्याचे भातातील भावंड अंडपेशीत कार्यरत केले की फलनाशिवाय भ्रूण तयार होतो, हे कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे वेंकटेशन सुंदरेशन यांच्या गटाने डिसेंबर २०१८ मध्ये दाखवले. त्याला अर्धसूत्री विभाजन टाळणाऱ्या जनुकबदलांची जोड दिल्यावर संकरित भाताच्या बियांतून मूळ झाडाचीच प्रतिकृती उगवते, आणि २०२२ पर्यंत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर गेले आहे.