सादळलेलं ब्रेक ऑइल

इलेक्ट्रिक गाडी घेतलेला पुणेकर भेटला की ‘मेंटेनन्स शून्य’ हे स्तोत्र ऐकून घ्यावंच लागतं. इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, प्लग नाहीत, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही. मी मध्ये बोलत नाही. आरती संपेपर्यंत बोलू नये, एवढे संस्कार आहेत. मग हळूच विचारतो, ‘आणि ब्रेक ऑइल कधी बदललं?’ उत्तर ठरलेलं असतं : ‘अहो, ब्रेक लागतोय कुठे? ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप थांबते!’

हे खरंच आहे. पाय काढला की मोटर जनरेटर होते, गाडीचा वेग विजेत रूपांतरित होऊन बॅटरीत जातो आणि कर्वे रोडच्या सिग्नलांवर ब्रेक पॅड बिचारे नुसते शोभेला राहतात. पेट्रोल गाडीत तीस-चाळीस हजार किलोमीटरला जाणारे पॅड इथे लाखाच्या पुढेही टिकू शकतात. भानगड अशी, की पॅड झिजतात किलोमीटरवर आणि ब्रेक ऑइल म्हातारं होतं कॅलेंडरवर. गाडी बेसमेंटमध्ये कव्हर घालून उभी असली तरी त्याचं वय वाढतच असतं.

ब्रेक ऑइल आपण सगळे म्हणतो, पण त्यात ऑइल औषधालाही नसतं. ते ग्लायकॉल इथरवर बनतं आणि हवेतलं पाणी ओढून घेणं हा त्याचा स्वभाव आहे. श्रावणात डबा उघडा राहिला की पापड सादळतात, तसंच हे. फरक इतकाच, की सादळलेला पापड हातात घेताक्षणी कळतो आणि सादळलेलं ब्रेक ऑइल भलत्या वेळी कळतं. झाकण घट्ट असलं तरी सुटका नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी वाट ठेवलेली असते आणि चाकांपर्यंत जाणाऱ्या रबरी नळ्यांतूनही बाष्प हळूहळू आत झिरपतं.

आता आकडे. डॉट ४ प्रतीचं नवंकोरं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. शंभर थेंबांत पावणेचार थेंब पाणी आणि ७५ अंशांची घसरगुंडी! ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. मध्ये वाफेचा बुडबुडा आला की पाय बुडबुडा दाबत बसतो, पेडल खाली जातं आणि गाडी मात्र पुढे.

‘पण आमचे ब्रेक तापतच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी महाबळेश्वरची सहल डोळ्यांसमोर आणावी. हॉटेलात चार्जिंगचा पॉइंट मिळतो, तोही फुकट. फुकट म्हटल्यावर पुणेकर ८० टक्क्यांवर थांबेल काय? सकाळी बॅटरी १००, पोटात मिसळ, डिकीत स्ट्रॉबेरी, आणि पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट. आता बॅटरीत जागाच नाही म्हटल्यावर मोटर वीज बनवून ठेवणार कुठे? रीजन, म्हणजे मोटरने वीज बनवत गाडी आवरणं, गळपटतं; डॅशबोर्डवर तशी सूचनाही येते. पाचगणी ते वाई साधारण पावणेसहाशे मीटरचा उतार आहे. माणसं आणि सामान धरून सोळाशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे जवळजवळ अडीच युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवायची. थोडी वाऱ्यात आणि टायरांत जाते, उरलेली सगळी डिस्क आणि पॅडवर. वर्षभर आराम केलेले ब्रेक एकदम कामाला जुंपले जातात, तेही चार वर्षांच्या सादळलेल्या ऑइलवर. वळणावर पेडल स्पंजासारखं लागलं तर समजायचं काय झालं ते. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे वाईत चहाला थांबलात की ब्रेक थंड होतात, वाफेचं परत पाणी होतं, पेडल पूर्ववत कडक. पुण्यात वर्कशॉपमध्ये दाखवायला न्यावं तर ‘काही प्रॉब्लेम नाही सर, ओके आहे.’

म्हणून डोंगरावरून उतरायचं असेल तर चार्जिंग ८०-८५ वर थांबवा. फुकट असलं तरी.

आता तपासणी. गाडी सपाटीवर लावा. सोसायटीच्या रॅम्पवर पातळी खोटी दिसते. बॉनेट उघडलं की काही गाड्यांत आधी प्लॅस्टिकचं एक विस्तीर्ण आवरण भेटतं, ते काढा. जाड नारिंगी केबल दिसतील; त्या हाय व्होल्टेजच्या, त्यांच्याशी आपलं काही काम नाही. ब्रेक ऑइलची टाकी बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या भिंतीला लागून असते. छोटी, दुधी रंगाची, अंगावर मॅक्स आणि मिन अशा दोन रेघा. मागून मोबाइलचा टॉर्च धरला की पातळी बाहेरूनच दिसते. नुसती पातळी बघायला झाकण उघडू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको. शेजारी बॅटरी-मोटरच्या कूलंटची टाकी असते आणि वायपरच्या पाण्याचीही. पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की दोन मिनिटांत एक काका येऊन उभे राहतात आणि ‘हे जरा कमी वाटतंय, टाका थोडं’ म्हणतात. ते कुठल्या टाकीकडे बोट दाखवतायत ते आधी बघा. ब्रेकच्या टाकीत चुकून कूलंट, साबणाचं पाणी किंवा खरंखुरं तेल गेलं तर गाडी चालू करू नका, ब्रेक दाबू नका, टो करून न्या. ब्रेकची रबरी सीलं खनिज तेलात फुगतात आणि मग एकेक करून सगळं बदलावं लागतं.

टाकीच्या झाकणावर बहुधा कोरलेलं असतं : फक्त डॉट ४ वापरा, सीलबंद डब्यातलंच वापरा, उघडण्यापूर्वी झाकण पुसा. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही दारावर शोभेल असा हा मजकूर आहे आणि त्यातला शब्द न् शब्द पाळण्यासारखा आहे. झाकणावरची धूळ आत पडली तर ती थेट एबीएसच्या (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकते. त्या युनिटची किंमत पाच आकडी असते.

पातळी मॅक्सपेक्षा जरा खाली असेल तर भरायची घाई नको. पॅड झिजले की कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागे ऑइल जातं, टाकीत तेवढं कमी दिसतं. वरून भरून ठेवलंत तर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि टाकी उतू जाते. ब्रेक ऑइल रंग खातं, म्हणून सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. पण इलेक्ट्रिक गाडीत पॅड फारसे झिजतच नाहीत, त्यामुळे पातळी झपाट्याने उतरली तर संशय गळतीवरच घ्यायचा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. कात्रज घाटातल्या वळणावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून विझला तर टाकीतलं ऑइल मिनच्या आसपास हिंदकळतंय. हँडब्रेक सोडूनही दिवा तसाच राहिला तर गाडी बाजूला घ्या.

रंगावरून निदान करणारे तज्ज्ञ गल्लोगल्ली आहेत. ‘काळं पडलंय, बदला’ किंवा ‘स्वच्छ आहे, अजून दोन वर्षं चालेल.’ पाण्याला रंग नसतो, हे शाळेत शिकवतात. पेनसारखा टेस्टर मिळतो, काही शे रुपयांत : दोन टोकं बुडवायची, हिरवा, पिवळा, लाल दिवा बघायचा. तो ऑइलमधून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ऑइलला तो वेगवेगळं बोलतो, म्हणून आधी नव्या ऑइलमध्ये बुडवून त्याचा खरेखोटेपणा बघावा. शिवाय तो टाकीतलं सांगतो. चाकाजवळचं, जिथे खरी आग असते तिथलं, त्याला माहीत नसतं. भरवशाचं यंत्र म्हणजे नमुना प्रत्यक्ष उकळवून तापमान दाखवणारं, पण ते असणारं वर्कशॉप शोधावं लागतं. मी सरळ मॅन्युअल बघतो. बऱ्याच गाड्यांत दोन वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं. काही कंपन्या ठरावीक वर्षांनी आधी तपासा, मग ठरवा म्हणतात. आपल्याकडे चार महिने पावसाळा आहे. मी दोनच धरतो.

बाटली घ्यायला नाना पेठेत गेलात की दुकानदार डॉट ५ पुढे करेल, कारण चारापेक्षा पाच भारी. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते पाणी शोषत नाही, म्हणून शिरलेलं पाणी खाली साचून गंज धरतं. शिवाय ते ग्लायकॉलशी मिसळत नाही आणि एबीएसच्या गाडीला चालत नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलचंच, डॉट ४ चा सख्खा भाऊ. ही नावं ठेवणाऱ्याला एकदा नाना पेठेच्या काउंटरवर उभं करायला हवं. काही नव्या गाड्यांना कमी चिकट डॉट ४ लागतं, बाटलीवर एलव्ही किंवा क्लास ६ लिहिलेलं. ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप क्षणार्धात दाब बनवतो, त्याला पातळ ऑइल हवं.

बदलण्याचं काम घरी करू नये, या मताचा मी आहे. जुन्या गाडीत एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली चाकाजवळचा निपल (जुनं ऑइल आणि हवा बाहेर सोडायची तोटी) सोडायचा, ‘दाब... धर... सोड’ असा गजर चालायचा. आता बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टरच विजेवर चालतो; दार उघडलं की तो जागा होतो. स्कॅनर लावून गाडी सर्व्हिस मोडमध्ये घालावी लागते, नाहीतर हवा आत अडकते आणि डॅशबोर्डवर दिवाळी. चाकांचा क्रम साधारणपणे टाकीपासून लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. लिटरभराची बाटली पुरते.

आपलं काम वर्कशॉपवर नजर ठेवायचं. सिरिंजने टाकीतलं जुनं ओढून नवं ओतलं की वरून सोनेरी दिसतं आणि नळ्यांतलं, कॅलिपरमधलं जुनं तसंच राहतं. यालाही बिलात ‘ब्रेक फ्लुइड रिप्लेस’च म्हणतात. म्हणून सील फोडण्याआधी बाटली बघायला मागा आणि चारही निपलच्या रबरी टोप्यांकडे लक्ष द्या : चारींवरची धूळ जशीच्या तशी असेल तर निपल उघडलेच नाहीत. त्याच खेपेला कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा. न वापरलेल्या ब्रेकमध्ये त्या आधी अडकतात.

बाटलीत दोनशे मिली उरतं आणि ते टाकून देणं आपल्या रक्तात नाही. माळ्यावर ठेवलंत तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते सादळणार. स्कूटरला पुढे डिस्क ब्रेक असेल आणि तिच्या झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल, तर मेकॅनिककडून त्याच दिवशी तिचंही बदलून घ्या. जुनं काढलेलं मात्र वर्कशॉपकडेच द्या. आपल्या गटारातून ते जायचं कुठे, तर मुठेत.