हीटर पेटत नाही म्हणजे ग्लो प्लगच गेला असं नसतं

कॅम्पर व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर थंडीच्या आधी एक मेसेज दरवर्षी फिरतो, यंदा मला चार जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय की डिझेल हीटर (डिझेल जाळून गाडीची केबिन गरम ठेवणारा) पेटत नसेल तर ग्लो प्लग, म्हणजे आत तापून डिझेल पेटवणारा प्लग, गेलेलाच असतो, नवीन टाका. तरी नाही पेटला तर पाच-सहा वेळा लागोपाठ स्टार्ट मारा, पांढरा धूर आला म्हणजे पेटायला लागला. काजळी धरली असेल तर बर्नरमध्ये थोडं रॉकेल ओता, बंद करायची घाई असेल तर सरळ बॅटरीची वायर काढा, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवली की गॅसचा धोका नाही. मी पुण्याहून लेहला हीटर लावलेली गाडी घेऊन गेलोय, तिथं तो बंदही पडलाय, आणि यातल्या एक-दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत म्हणून लिहितोय.

आधी ग्लो प्लग. बऱ्याच चायनीज हीटरवर ई-१० कोड येतो, त्याचा अर्थ एवढाच की ज्योत लागली नाही, का लागली नाही ते कोड सांगत नाही, आणि कंट्रोलर, म्हणजे स्क्रीन-बटणांचा डबा, बदलला की कोडही बदलतात. १२ व्होल्टचा हीटर पेटताना ८ ते १० अँपिअर ओढतो, एकदा पेटला की फार कमी लागतो, म्हणजे खरी परीक्षा पहिल्या दोन-तीन मिनिटांतच असते. लेहला माझ्या बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवत होता म्हणून मीही आधी प्लगवरच संशय घेतला. मग स्टार्ट देऊन हीटरच्या कनेक्टरजवळ मोजलं तर १०.२! मधला फ्यूज होल्डर हाताला गरम लागत होता, उघडला तर आत वायरच्या क्रिम्पवर (दाबून बसवलेल्या जोडावर) हिरवा गंज. तेवढा तुकडा कापला, टोकाला नवीन लग, म्हणजे धातूचं टर्मिनल, लावला, ११.६ आले आणि पहिल्याच स्टार्टला पेटला, बरोबर नेलेला नवा प्लग पाकिटातच राहिला. प्लग कधीच जात नाही असं नाही, पण तो काढून मीटरवर बघा ना, साधारण एक ओहमच्या आसपास दाखवत असेल तर तो ठीक आहे, मीटरवर आकडाच येत नसेल, म्हणजे सर्किट तुटलेलं दाखवत असेल, तर गेला.

आता लागोपाठ स्टार्ट आणि पांढरा धूर, हे मला सगळ्यात खटकतं. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ. प्रत्येक फसलेल्या स्टार्टला आत डिझेल साचत जातं आणि शेवटी एकदम पेट घेतला की एक्झॉस्टमधून ज्वाळा येऊ शकते. दोनदा फसला की थांबा आणि एक्झॉस्टकडे बघा. भरपूर पांढरा धूर आहे म्हणजे डिझेल पोचतंय, मग व्होल्टेज, प्लग किंवा हवा बघायची. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. पंपाला बोट लावा, टिकटिक जाणवली पाहिजे, मग हीटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि थेंब येतात का बघा. नळीत लांबलांब बुडबुडे दिसले तर जॉइंट ढिला आहे किंवा पंप आडवा बसवलाय, त्याचं बाहेरचं तोंड वरच्या बाजूला तिरकं हवं. आणि खाली मैदानी भागात भरलेलं साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बंद करतं. लडाखसाठी २०१९ पासून इंडियन ऑइलचं उणे ३३ अंशांपर्यंत चालणारं विंटर डिझेल आहे, हिवाळ्यात जाणार असाल तर तेच भरा.

रॉकेल डिझेलपेक्षा स्वच्छ जळतं हे खरंय, पण घट्ट बसलेला कार्बन ओतलेल्या रॉकेलने निघत नाही, आणि गरम बर्नरमध्ये ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. काजळी का होते ते बघा. लेह ३५०० मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश, पण पंप डिझेल तेवढंच टाकतो, त्यात आपण हीटर रात्रभर सगळ्यात कमी सेटिंगवर ठेवतो. मग प्लगभोवतीची बारीक जाळी काळी होऊन बुजते. माझी काढली तेव्हा तिच्यातून उजेडसुद्धा दिसत नव्हता. ती बदलायची, बर्नरचं कार्बन खरवडायचं, गॅस्केट नवी लावायची, आणि उंचीवर कंट्रोलरमध्ये सोय असेल तर पंपाचा वेग कमी करायचा, दिवसातून थोडा वेळ फुल्ल चालवायचा.

वायर काढून बंद करू नका. बटण दाबल्यावर फॅन काही मिनिटं आतली गरमी बाहेर काढतो, तो मध्येच थांबला तर हीटर आतून भाजतो.

आणि खिडकी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेत कळतच नाही. बोटभर फट त्याला पुरत नाही, उलट एक्झॉस्ट त्या बाजूला असेल तर धूर तिथूनच आत येतो. हीटरला जळायला लागणारी हवा घेणारी नळी आणि एक्झॉस्ट दोन्ही गाडीच्या बाहेर हवेत आणि एकमेकांपासून लांब. एक्झॉस्टचे क्लॅम्प आणि फ्लोअरखालची गॅस्केट दर सीझनला हाताने तपासा, बर्फात गाडी लावली तर झोपण्याआधी खाली वाकून एक्झॉस्टचं तोंड मोकळं आहे का बघा. उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ठेवा, आणि निघण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून आवाज येतो का ऐका.