सिक्लिडच्या टाकीत झाडं टिकत नाहीत, हे खरं नाही

"सिक्लिड पाळायचे तर तळाला कोरलची खडी घाला, वर दगड रचा. झाडांवर पैसे घालवू नका, सगळी उपटतात नाहीतर खातात." सिक्लिड म्हणजे माशांचं एक मोठं कुळ, आणि ते पाळणाऱ्यांमध्ये हा सल्ला सतत फिरतो. नवखी माणसं तो जशाच्या तसा पाळतात आणि त्यात माशांचे हाल होतात.

आधी कोरलचं बघू. कोरल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा (विरघळलेले क्षार) आणि पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा) वाढवतं. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या माशांना असं पाणी मानवतं. टांगानिकाचा पीएच ९ च्या आसपास असतो. पण एंजल, डिस्कस, रॅम हेसुद्धा सिक्लिडच, आणि ते दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन-ओरिनोको नद्यांकडच्या मऊ पाण्यातले. त्यांच्या टाकीत कोरल घालणं साफ चूक आहे. घरी बोअरचं जड पाणी येत असेल, तर आफ्रिकी माशांनाही कोरल लागत नाही. पाणी तपासल्याशिवाय खडी विकत घेऊच नका.

दुसरं, सगळ्यांना खडी चालते हा समज. जिओफेगस हा सिक्लिड खाताना नीट बघा. तोंडभर वाळू घेतो, चघळतो, खाण्याजोगं गिळतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. दिवसभर हेच चालू. टोकदार खडीत त्याला हे करता येत नाही, शिवाय तोंडाला जखमा होतात. टांगानिकातले शंखांत राहणारे चिमुकले मासेही वाळू उपसून आपला शंख त्यात पुरतात. यांना बारीक, गुळगुळीत वाळूच हवी. आणि त्या सल्ल्यात नसलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: मोठे दगड आधी टाकीच्या तळावर पक्के बसवा, वाळू नंतर भरा. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू मासे उकरतात, दगड कलंडतो आणि मासा चिरडतो किंवा काच फुटते.

राहिली झाडं. जावा फर्न आणि अनुबियास वाळूत लावायचेच नसतात; त्यांचं आडवं खोड पुरलं की कुजतं. दोऱ्याने दगडाला बांधा, मुळं दगड धरतात. मग उपटणार काय? पानं इतकी चिवट की बहुतेक मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत. व्हॅलिसनेरिया ही लांब पात्यांची पाणवनस्पती तर मलावी-टांगानिकात आपोआप उगवते, जड पाण्यात जोमाने वाढते. तिच्या बुडाशी गोटे रचा आणि ती रुजल्यावरच मासे सोडा.

काही सिक्लिड झाडं खातात, हे मात्र खरं. गोव्यात ताटात येणारा कालुंदर हाही सिक्लिडच, आणि पाणवनस्पती त्याचं रोजचं खाणं. मोठा ऑस्करही मुळं धरलेलं झाड उखडतो. अशांच्या टाकीत तरंगती झाडं ठेवा आणि खाऊन संपतील तशी नवी टाकत राहा.