'बटण दाबा, लेबल छापा' म्हणजे आर्क फ्लॅश स्टडी नव्हे

पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट होऊन विजेचा जाळ, म्हणजे आर्क, उसळला तर समोरच्या माणसावर किती उष्णता येईल याचा हिशोब म्हणजे आर्क फ्लॅश स्टडी; तो आकडा पॅनेलच्या लेबलवर छापतात. शॉर्टसर्किटमध्ये वाहतो तो फॉल्ट करंट. नव्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांना हल्ली या स्टडीबद्दल एक सल्ला सर्रास मिळतो: "आर्क फ्लॅश स्टडी दोन दिवसांत येते. सिंगल लाइन डायग्राम (प्लांटच्या वीजजोडणीचा नकाशा) सॉफ्टवेअरमध्ये भरा, फॉल्ट करंट मोठ्यात मोठा धरा म्हणजे चूक झाली तरी सुरक्षित बाजूला राहाल, बटण दाबा, लेबल छापा. शंका आली तर सरसकट ४० कॅलरीचा (प्रति चौरस सेंटिमीटर तेवढी उष्णता अडवणारा) सूट द्या."

दोन दिवसांचं मी मान्य करतो. सॉफ्टवेअरची बटणं तेवढ्यात कळतात.

मोठ्यात मोठा फॉल्ट करंट धरण्याचा सल्ला मात्र घातक आहे. ब्रेकरची क्षमता तपासताना तो बरोबर ठरतो, आणि बहुधा तिथूनच तो इथे आला. पण आर्कमधून अंगावर येणारी ऊर्जा करंटवर जेवढी, तेवढीच वेळेवर अवलंबून असते. समजा, आर्क करंट २० किलोअँपिअर आहे आणि ब्रेकर ०.०५ सेकंदात ट्रिप होतो. तोच प्लांट जनरेटरवर गेला, करंट ८ किलोअँपिअरवर आला, इन्स्टंटेनियस सेटिंगच्या (ज्या करंटला ब्रेकर क्षणात ट्रिप होतो, त्याच्या) खाली राहिला आणि ट्रिप व्हायला ०.८ सेकंद लागले. ढोबळ गुणाकार करून बघा: आधी १, आता ६.४. करंट निम्म्याहून कमी आणि ऊर्जा सहापटीहून जास्त! म्हणूनच आर्क फ्लॅशच्या गणिताच्या आयईईई १५८४ या मानकात कमी धरलेल्या आर्क करंटवरही गणित पुन्हा करायचं असतं आणि दोन उत्तरांतलं वाईट ते घ्यायचं असतं. शिवाय आर्क करंट हा बोल्टेड फॉल्ट करंटपेक्षा, म्हणजे तारा थेट घट्ट जोडल्या गेल्या तर वाहणाऱ्या करंटपेक्षा, कमीच असतो. लो व्होल्टेजला तर बराच कमी. हे दोन आकडे एकच समजणारे लोक मी पाहिलेत, तेही छापील रिपोर्ट हातात घेऊन.

'डायग्राम भरा' म्हणणं सोपं आहे, पण कुठला डायग्राम? कपाटातल्या कागदावर रिलेचं (ब्रेकरला ट्रिप व्हायला सांगणाऱ्या उपकरणाचं) जे सेटिंग लिहिलंय, तेच आज रिलेत असेल याची खात्री नसते. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध) नेमप्लेटवरून, केबलची लांबी जागेवरून, फ्यूजचा प्रकार फ्यूज बघून घ्यावा लागतो. आयईईई १५८४च्या २०१८च्या आवृत्तीत इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ज्यांच्यामध्ये आर्क पेटतो त्या टोकांच्या, पाच रचना आहेत. बसबार (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्या) माणसाच्या दिशेने आडवे निघत असतील तर झोत थेट त्याच्याकडे येतो. ते पॅनेल आतून कसं आहे हे माहीत असल्याशिवाय ठरत नाही. शहाणे लोक पॅनेल उघडून बघायला शटडाउनची वाट बघतात. बाकीचे सॉफ्टवेअरने आधीच निवडलेला पर्याय तसाच ठेवतात.

राहिला सूट. उघड्या त्वचेवर दुसऱ्या दर्जाची भाजल्याची जखम व्हायला १.२ कॅलरी प्रति चौरस सेंटिमीटर पुरतात, त्यामुळे सूट हवाच. पण ४० कॅलरीच्या सुटात उकडतं, नीट दिसत नाही, बोटं जड होतात, आणि ८ कॅलरीच्या कामाला तो चढवला तर हातून स्क्रू-ड्रायव्हर निसटायची शक्यता आपणच वाढवतो. शिवाय सूट उष्णता अडवतो; स्फोटाचा दाब नाही. काम करताना ब्रेकरला मेंटेनन्स मोडवर टाकून ट्रिपचा वेळ कमी करता येतो, रॅकिंग (ब्रेकर पॅनेलमधून आत-बाहेर सरकवणं) दुरून करता येतं. लेबलवरचा आकडा खाली आणण्याच्या या वाटा स्टडीतच सापडतात, आणि लेबल छापून मोकळं होणारा तिथवर पोचतच नाही.

शिकायचंच असेल तर एकच पॅनेल घ्या. आर्क करंट काढा, ब्रेकरच्या ट्रिप कर्व्हवर (किती करंटला ट्रिप व्हायला किती वेळ, हे दाखवणाऱ्या रेघेवर) बोट ठेवून वेळ वाचा, मग करंट थोडा कमी करून तीच रेघ पुन्हा वाचा. सॉफ्टवेअर त्यानंतर उघडा.